भरतीच्या आधी एक पान लिहून द्या: व्यसनमुक्ती केंद्रांच्या संचालकांना खुले पत्र

व्यसनमुक्ती केंद्रांचे सर्व संचालक, विश्वस्त आणि वैद्यकीय प्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या केंद्रात दाखल होणारी व्यक्ती क्वचितच स्वतःच्या पैशाने येते. पैसे भरतात ते तिचे आईवडील, पती किंवा पत्नी, भाऊ, बहीण, कधी कामावरचे वरिष्ठ. आणि ते भरले जातात अशा वेळी, जेव्हा घरात दोन-तीन रात्री कोणी धड झोपलेले नसते, पुन्हा काही आक्रीत घडेल अशी धास्ती असते आणि ‘आज तयार झाला आहे, उद्या होईल की नाही सांगता येत नाही’ या एका वाक्यावर सगळा व्यवहार उरकला जातो. साधे भाड्याचे घर घ्यायचे तर माणूस चार जागा पाहतो, शेजाऱ्यांना विचारतो, नळाला पाणी येते का ते बघतो. इथे मात्र जो पहिला फोन उचलतो त्याच्याकडे बहुतेक कुटुंबे जातात. ही घाई आपल्याला ठाऊक आहे. आपले फोन मध्यरात्रीही उचलले जातात ते त्यामुळेच, आणि त्यात गैर काही नाही. गैर सुरू होते ते दर ठरवताना त्या घाईचा फायदा घेतला जाऊ लागला की.

मी व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांच्या एका मदतगटात काम करते. केंद्र निवडण्यापूर्वी, आणि त्याहून अधिक वेळा निवडून पस्तावल्यानंतर, लोक आपली माहितीपत्रके, अंदाजपत्रके, करारनामे आणि पावत्या घेऊन येतात व आम्ही त्या मिळून वाचतो. आपल्या कामावर माझा अविश्वास नाही. माझा धाकटा भाऊ आज नियमित कामावर जातो तो एका केंद्राने त्याला घरी पाठवल्यानंतरही वर्षभर सोडले नाही म्हणून. त्यामुळे या पत्रातील मागणी मोजकी आहे. पैसे हातात घेण्याच्या आधी कुटुंबाला एक पान लिहून द्या, ज्यात उपचार कोण करणार, कशाने करणार, किती काळ करणार आणि त्याचा एकूण खर्च किती येणार हे सहीनिशी नमूद असेल. आणि शुल्काची विभागणी आजाराच्या मुदतीकडे पाहून करा, खाट किती दिवस अडणार याकडे पाहून नव्हे.

एका आईने दाखवलेले अंदाजपत्रक अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. वरच्या बाजूला ठळक अक्षरांत महिन्याच्या ‘पॅकेज’चा आकडा, त्याखाली स्वतंत्र खोली, बाग आणि व्यायामशाळा यांचे वर्णन, आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या रकान्यात ‘आवश्यकतेनुसार’ एवढा एकच शब्द. मागच्या पानावर बारीक टाइपात लिहिले होते की औषधे, रक्ताच्या व लघवीच्या तपासण्या, तज्ज्ञांची भेट, वैयक्तिक समुपदेशन, ‘विशेष देखरेख’ आणि रुग्णालयात हलवावे लागल्यास वाहन यांचा खर्च वेगळा आकारला जाईल. अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल ती जागा कोरी होती. महिना संपला तेव्हा मागच्या पानावरच्या बाबींची बेरीज पुढच्या पानावरच्या आकड्याला जाऊन भिडली. लघवीची तपासणी जवळजवळ रोज लावलेली होती, तीही कुलूपबंद इमारतीतून बाहेर पाऊल न टाकलेल्या माणसाची. तपासणी करूच नये असे कोणी म्हणत नाही. परंतु तिचा निष्कर्ष पाहून उपचारात काय बदल केला याची नोंद कुठेच नव्हती. नीट पाहिले तर त्या पॅकेजमध्ये राहणे आणि जेवणे होते. उपचार पॅकेजच्या बाहेर होता. विम्याबाबतही हाच प्रकार आढळतो. ‘आमचे बिल विम्यात बसते’ असे तोंडी सांगितले जाते, विमा कंपनीची लेखी पूर्वमंजुरी कोणी मागवत नाही, आणि किती दिवसांचा खर्च नाकारला गेला हे रुग्ण घरी आल्यानंतर पत्राने कळते.

त्या एका पानावर पहिली ओळ पहिल्या आठवड्याबद्दल असावी, कारण जिवाला खरा धोका तिथे असतो. दारूवर शरीर अवलंबून असलेल्या माणसाने ती एकाएकी थांबवली, तर शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते ४८ तासांत त्याला फिट येऊ शकते आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स म्हणजे ताप, थरकाप, भास आणि भ्रमिष्टपणा यांची अवस्था उद्भवू शकते, जी उपचारांविना प्राणघातक ठरू शकते. झोपेसाठी किंवा चिंतेसाठी दीर्घकाळ घेतलेल्या बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या अचानक तोडल्या तरी फिट येण्याचा धोका असतो. या अवस्थेचे उपचार नवे नाहीत आणि महागही नाहीत: हळूहळू उतरत्या मात्रेत औषधे, नाडी व रक्तदाबाची नियमित नोंद, आणि थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, जे वेळेवर मिळाले नाही तर काही रुग्णांची स्मृती कायमची जाते. महाग असते ते रात्री जागणारे प्रशिक्षित माणूस. म्हणून कुटुंबाने विचारायचा आणि आपण लेखी उत्तर द्यायचा प्रश्न असा आहे की रात्री दोन वाजता इमारतीत परिचारिका असते की केवळ पहारेकरी, डॉक्टर आत असतात की फोनवर, आणि फोनवर असतील तर पोहोचायला किती मिनिटे लागतात. ज्या केंद्राकडे ही व्यवस्था नाही त्याने हे दिवस रुग्णालयात काढून मग रुग्णाला स्वीकारावे. त्यात कमीपणा नाही, आणि अनेक चांगली केंद्रे असेच करतात.

मात्र विड्रॉवल, म्हणजे नशा थांबवल्यावर शरीराला होणारा हा त्रास, ओसरला म्हणजे उपचार झाला असे समजून कुटुंबे निश्चिंत होतात, आणि हा गैरसमज आपल्या पॅकेजच्या मुदतीमुळे घट्ट होतो. २८ दिवसांची जी मुदत जगभर पाठ झालेली आहे ती कोणत्याही संशोधनाने ठरवलेली नाही. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९५० च्या सुमारास उभ्या राहिलेल्या निवासी उपचारपद्धतीतून ती आली आणि पुढे विमा कंपन्या साधारण तेवढ्याच दिवसांचा खर्च देऊ लागल्यामुळे रूढ झाली. त्याच देशाच्या राष्ट्रीय अमली पदार्थ संशोधन संस्थेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपचारतत्त्वांत म्हटले आहे की ९० दिवसांपेक्षा कमी काळ चाललेल्या उपचारांचा उपयोग मर्यादित असतो. हे ९० दिवस खाटेवरच काढायचे असतात असे नाही. आठवड्यातून काही तास येऊन घेतलेले उपचारही त्यात धरले जातात. २००० मध्ये अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका गाजलेल्या लेखात व्यसनाची तुलना उच्च रक्तदाब व दमा यांच्याशी केली होती. उपचारानंतर वर्षभरात पुन्हा वापराकडे वळण्याचे प्रमाण व्यसनात ४० ते ६० टक्के, तर उपचार सोडल्यामुळे आजार पुन्हा उसळण्याचे प्रमाण रक्तदाबात व दम्यात ५० ते ७० टक्के, असे तो लेख सांगतो. रक्तदाबाच्या रुग्णाला महिनाभर दाखल करून, वर्षभराचे पैसे आगाऊ घेऊन, ‘आता बरे झालात’ असे सांगून कोणी घरी पाठवत नाही.

तरीही शुल्क नेमके याच पद्धतीने घेतले जाते, आणि माझ्या मते दोष इथे आहे, कोणाच्या नीतिमत्तेत नव्हे. सगळे पैसे भरतीच्या दिवशी जमा झाले की पुढच्या अकरा महिन्यांच्या पाठपुराव्यात केंद्राला मिळण्यासारखे काही उरत नाही आणि कुटुंबाकडे देण्यासारखे काही उरलेले नसते. घरातले किडुकमिडुक विकून किंवा कर्ज काढून पहिला महिना उत्तम खोलीत काढलेला माणूस तिसऱ्या महिन्यात समुपदेशकाच्या एका भेटीचे पैसे नाहीत म्हणून येणे थांबवतो, हे मी वारंवार पाहते. शुल्काचा ठरावीक भाग पहिल्या महिन्यासाठी आणि उरलेला पुढील वर्षभराच्या भेटींसाठी, औषधांसाठी व कुटुंबाच्या समुपदेशनासाठी राखून ठेवला, आणि तो त्या भेटी प्रत्यक्ष झाल्यावरच आपल्याकडे जमा झाला, तर पाठपुरावा हा सौजन्याचा भाग न राहता कामाचा भाग होईल. कुटुंबांनाही मी सांगत असते की हाती जेवढे पैसे आहेत त्यांचे आधी वर्षभरासाठी वाटे पाडावेत आणि मग पहिल्या महिन्याचे केंद्र शोधावे.

आता आपल्या जाहिरातींतील यशाच्या टक्केवारीविषयी. ‘९० टक्के यश’ हा आकडा कोणत्या भाजकाने काढला हे विचारले की बहुधा उत्तर येते की कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांपैकी इतके जण डिस्चार्जच्या दिवशी व्यसनमुक्त होते. दाराला कुलूप असताना हे प्रमाण शंभर टक्के का नव्हते, असा प्रश्न तिथे खरे तर पडायला हवा. मध्येच निघून गेलेले किती, एक वर्षानंतर संपर्कात असलेले किती, आणि संपर्क तुटलेल्यांना कोणत्या रकान्यात धरले, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. अफू-हेरॉइनसारख्या ओपिऑइड पदार्थांच्या बाबतीत तर ही ‘यशाची’ व्याख्या धोकादायक आहे. २००३ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णालयात दाखल होऊन ओपिऑइड सोडवलेल्या १३७ जणांचा मागोवा घेतला होता. पहिल्या चार महिन्यांत अतिमात्रेने जे तिघे मरण पावले ते तिघेही कार्यक्रम यशस्वीपणे पूर्ण केलेल्या गटातले होते, कारण त्यांच्या शरीराची सवय मोडली होती आणि पूर्वीची मात्रा आता त्यांना झेपणारी नव्हती. केंद्राच्या वहीत ते तिघे यशस्वी म्हणून नोंदले गेले असते. म्हणून अशा रुग्णाला घरी पाठवताना हा धोका त्याला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत सांगणे, आणि अतिमात्रेवर उतारा असलेले नॅलोक्सोन जिथे मिळते तिथे ते कसे वापरायचे हे शिकवून हाती देणे, याची नोंद त्या पानावर असलीच पाहिजे.

निवासी उपचार कोणाला लागतात, याचेही प्रामाणिक उत्तर कुटुंबांना मिळत नाही. लंडनमध्ये १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिफिथ एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दारूच्या समस्येने ग्रस्त १०० विवाहित पुरुषांपैकी निम्म्यांना सविस्तर उपचार आणि निम्म्यांना पत्नीसह एका बैठकीत मनापासून दिलेला सल्ला मिळाला. वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. १९९७ मध्ये निष्कर्ष आलेल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या १,७२६ रुग्णांवरील अमेरिकी अभ्यासात १२ आठवड्यांत १२ बैठका घेणाऱ्या दोन पद्धती आणि अवघ्या ४ बैठकांची प्रेरणावर्धक पद्धत यांचे परिणाम बरेचसे सारखे निघाले. यावरून निवासी केंद्रे निरुपयोगी आहेत असा अर्थ मी काढत नाही, कारण त्या लंडनच्या पुरुषांना घर होते आणि साथ देणारी पत्नी होती. ज्याला घर नाही किंवा ज्याच्या घरातच इतर जण पितात, ज्याला सोबत तीव्र नैराश्य किंवा मनोविकार आहे, ज्याला पूर्वी विड्रॉवलमध्ये फिट आली आहे, ज्याने बाहेर राहून केलेले प्रयत्न पुन्हा पुन्हा फसले आहेत, त्याला निवासाची गरज आहे. बाकीच्या पुष्कळांचे काम बाह्यरुग्ण विभागात, नोकरी न सोडता आणि पुष्कळ कमी खर्चात होऊ शकते. मात्र फोनवर आलेल्या कुटुंबाला ‘तुमच्या माणसाला भरतीची गरज दिसत नाही’ असे सांगणारे केंद्र मला फारच थोड्या वेळा भेटले आहे. त्या केंद्रांची नावे मी लोकांना आवर्जून सांगते.

औषधांबाबत आपली भूमिका काय आहे, तेही आधी कळवा. ओपिऑइड व्यसनासाठी मेथॅडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून आहेत, आणि दारूच्या व्यसनासाठी अ‍ॅकॅम्प्रोसेट व नाल्ट्रेक्सोन यांचा तिथे २०२३ मध्ये समावेश झाला. ‘एक नशा सोडवून दुसरी लावायची नाही’ असे म्हणत ही औषधे नाकारणारी केंद्रे अजून आहेत. ज्यांचे तसे मत आहे त्यांनी ते पाळावे की नाही हा वाद तज्ज्ञांनी कधीच निकाली काढला आहे, पण किमान हे मत पैसे घेण्याच्या आधी कुटुंबाला सांगावे, म्हणजे ज्याला ही औषधे हवी आहेत तो दुसरीकडे जाईल. उलट बाजूला, दारू प्यायल्यास त्रास व्हावा म्हणून दिल्या जाणाऱ्या, १९४८ पासून वापरात असलेल्या डायसल्फिरामच्या गोळ्या रुग्णाच्या नकळत जेवणात मिसळण्यासाठी नातेवाइकांच्या हाती देणे तातडीने थांबले पाहिजे; त्या गोळीवर दारू घेतल्यास रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो, आणि काय घेतले आहे हे ज्याला माहीतच नाही तो सावध राहणार कसा?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची परस्पर मदतीची संघटना १९३५ मध्ये ओहायोतील अ‍ॅक्रन येथे सुरू झाली आणि तिच्या सभांना आजही शुल्क नाही. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कोक्रेन समीक्षेनुसार या सभांशी रुग्णाला जोडून देणारे उपचार संपूर्ण वर्ज्यतेच्या बाबतीत इतर मान्य पद्धतींच्या तोडीचे किंवा सरस ठरतात. रुग्णाला त्या सभांची सवय लावणे हे केंद्राचे उत्तम काम आहे. परंतु दिवसातून दोनदा घेतलेली मोफत सभा ‘समूहोपचार’ म्हणून बिलात लावणे ही लबाडी आहे. समूहोपचार कोणत्या पात्रतेची व्यक्ती घेते हे त्या पानावर लिहिले की हा प्रश्न आपोआप मिटेल. तीच गोष्ट शिक्षेची. सर्वांदेखत अपमान करणे, ओरडणे, घरच्यांशी बोलणे तोडणे या प्रकारांना कॅलिफोर्नियात १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सिनॅनॉन या व्यसनमुक्ती संस्थेने प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि ती संस्था पुढे हिंसाचारात बुडाली. विल्यम मिलर व विल्यम व्हाइट यांनी २००७ मध्ये चार दशकांतील संशोधन तपासले तेव्हा अशा पद्धतीचा उपयोग दाखवणारी एकही वैद्यकीय चाचणी त्यांना सापडली नाही. कुटुंबाला रुग्णाशी एकांतात बोलता येईल का आणि कोणत्या दिवशी, याचे सरळ उत्तर देणाऱ्या केंद्रात असे प्रकार सहसा घडत नाहीत.

रुग्ण पाठवणाऱ्या मध्यस्थाला आपण दलाली देत असाल, तर तीही त्या पानावर लिहा. कुटुंबाने ज्याला हितचिंतक समजून सल्ला विचारला तो पैसे घेऊन सल्ला देत होता हे त्यांना कळण्याचा हक्क आहे. यापेक्षा अधिक या विषयावर लिहिण्याची गरज नाही.

उरला प्रश्न मध्येच निघून जाण्याचा आणि पुन्हा येण्याचा. दहाव्या दिवशी रुग्ण निघून गेला तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार का, किती आणि कधी, हे करारात नसते. असले तर ‘कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही’ एवढेच असते. ज्या आजारात निघून जाण्याची ओढ हे स्वतःच एक लक्षण आहे, तिथे ते लक्षण दिसताच सर्व रक्कम जप्त करणे मला न्याय्य वाटत नाही. रिलॅप्सनंतर, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळल्यानंतर, परत आलेल्याकडून पहिल्या दिवसाइतकेच पूर्ण शुल्क घेण्याच्या प्रथेबाबतही माझे हेच म्हणणे आहे. साधारण निम्म्या रुग्णांच्या बाबतीत हे घडणार हे आपल्याला पहिल्या दिवशीच माहीत असते, तेव्हा परतीच्या उपचारांचा दरही पहिल्या दिवशीच सांगता येईल आणि तो कमी ठेवता येईल. पैशाच्या धाकाने घरचे लोक रिलॅप्स लपवतात, दोन-तीन महिने घरीच निस्तरू पाहतात आणि रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा त्याची अवस्था पहिल्यापेक्षा वाईट झालेली असते.

आमच्या गटाने अशा पानाचा एक कच्चा नमुना तयार केला आहे आणि जे केंद्र मागेल त्याला तो आम्ही देऊ. प्रत्येक केंद्राने आपल्या सोयीनुसार त्यात भर घालावी, क्रम बदलावा, भाषा सुधारावी. एकूण खर्चाची, रात्रपाळीच्या वैद्यकीय कर्मचाऱ्याची आणि परताव्याची अशा तीन ओळी मात्र काढून टाकू नयेत, एवढी विनंती आहे.

आपली नम्र,
व्यसनी व्यक्तींच्या कुटुंबीयांच्या मदतगटातील एक कार्यकर्ती